फक्कीची माडी

यल्लाप्पा गवंड्याच्या घरी गेलात आणि त्याच्या बायकोने, सुलाबाईंनी, तुम्हाला चहाला गच्चीवर बोलावलं, तर एक पथ्य पाळायचं. जिना संपला की सरळ चालत सुटायचं नाही. समोर पांढऱ्या फक्कीच्या रेघा दिसतील, त्या भिंती आहेत. डाव्या हाताला रेघ तीन फूट तुटलेली दिसेल, ते दार. आत जायचं तिथून. शेजारची गुणाबाई तिथे सांडगे वाळत घालायला येते, तीसुद्धा दारातूनच शिरते, आणि शिरताना चौकट लागू नये म्हणून मान किंचित वाकवते.

आमचं गाव निपाणीहून चिकोडीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एस.टी.त डुलकी लागली तर चुकतं, एवढंच. गावाला पुरसभा, म्हणजे नगरपालिका, आहे, दोन बँका आहेत, आणि निम्म्या पक्क्या घरांना यल्लाप्पाचा हात लागलेला आहे. त्याचे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीवर हमाल होते. पोती वाहून वाहून त्यांची पाठ कमानीसारखी झाली होती. ती बघत वाढलेल्या पोराने हातात ओळंबा धरला. आपण जे करू ते निदान सरळ उभं राहिलं पाहिजे, एवढा हिशेब. आज सदुसष्टाव्या वर्षी त्याचा उजवा खांदा वर जात नाही, पण रस्त्याने जाताना कुणाची भिंत फुगलेली दिसली की तो थांबतो, बोटाच्या पेराने टकटक करतो आणि आजारी माणसाच्या घरून निघाल्यासारखा मान हलवत पुढे जातो.

गावाच्या माड्या बांधणाऱ्या या माणसाचं स्वतःचं घर दोन खोल्यांचं. वर स्लॅब, स्लॅबच्या चार कोपऱ्यांत कॉलमच्या सळया, आभाळाकडे बोटं करून उभ्या. त्या गंजू नयेत म्हणून सुलाबाईंनी त्यांच्यावर औषधाच्या रिकाम्या बाटल्या पालथ्या घातल्यात. पहिल्या बाटल्या पोराच्या खोकल्याच्या. अलीकडच्या सगळ्या गुडघ्याच्या तेलाच्या.

पोराचं नाव भीमरत्न. तो इंजिनियर झाला, बेंगळूरला नोकरीला लागला. माडी त्याच्यासाठीच होती. सून येईल, नातवंडं येतील, त्यांना वरची हवेशीर खोली. पैसेही जमले होते. मग भीमरत्नने तिकडे फ्लॅट घ्यायचं ठरवलं आणि ते पैसे बुकिंगला गेले. म्हणजे माडी झालीच म्हणायची. फक्त बेंगळुरात, चौदाव्या मजल्यावर.

यल्लाप्पा एकदा जाऊन आला. बारा दिवस राहिला, सगळ्या भिंती वाजवून बघितल्या आणि परत आल्यावर सुलाबाईंना एवढंच म्हणाला, "पोकळ हाईत गं."

आता फक्कीची गोष्ट. गवंडी काम धरायच्या आधी जमिनीवर फक्कीने आखणी करतो. इथे भिंत, इथे दार, इथे खिडकी. मालकाला घर पहिल्यांदा दिसतं ते त्या रेघांत. भीमरत्नची नोकरी लागली त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला तो घरी येणार होता, म्हणून यल्लाप्पाने गच्चीवर आखणी करून ठेवली. पोराला दाखवली. पोरगा खूश झाला. पावसाळ्यात रेघा धुऊन गेल्या. पुढच्या जयंतीच्या आदल्या दिवशी यल्लाप्पाने पुन्हा मारल्या. तेव्हापासून दर वर्षी मारतो. दिवाळीला लोक घराला रंग देतात तसं.

आणि पहिल्या आखणीच्या वर्षीच त्याने दुसरीही एक गोष्ट केली. आमच्याकडे घराचा कर, घरफाळा, ज्याचा त्याने सांगायचा असतो. माझं घर एवढं, मजले एवढे, असा फॉर्म आपणच भरायचा आणि त्याप्रमाणे पैसे भरायचे. सरकारचा आपल्यावर एवढा विश्वास आहे; बायकोचाही नसतो. या विश्वासाला जागून गावाने आपापली घरं वर्षानुवर्षं आकसवून घेतली आहेत. यल्लाप्पाने फॉर्म लिहिणाऱ्याला सांगितलं, "मजले दोन लिव्ह."

"माडी कुठं हाय तुझी?"

"हुतीया. जयंतीपतुर हुतीया."

जयंत्या पंधरा झाल्या. फाळा दोन मजल्यांचा गेला, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पाच टक्के सूट धरून.

तीन वर्षांपूर्वी भीमरत्न, सून रचना आणि नात अक्षरा जयंतीला आले होते. दोन दिवस. मुक्काम निपाणीत हायवेवरच्या लॉजवर. अक्षराला उकडतं म्हणून. सुलाबाईंनी चार दिवस आधी गाद्या उन्हात घातल्या होत्या. त्या तशाच घडी घालून ठेवताना म्हणाल्या, "बरं झालं. धुवायचा ताप वाचला." त्यानंतर ते आले नाहीत. परीक्षा, प्रोजेक्ट, रिझर्वेशन. कारणं सगळी खरी होती, त्यामुळे रागावताही येईना.

असं सगळं शांत चाललेलं असताना यंदा फेब्रुवारीत मारुतीरावांचा गोठा निघाला.

मारुतीराव पुरसभेचे माजी अध्यक्ष. आता नजर वरच्या निवडणुकीवर. त्यांचं हायवेजवळ मंगल कार्यालय आहे, तीन मजल्यांचं, लिफ्टचं, दारात रंगीत कारंजं असलेलं. कुणीतरी माहिती अधिकारात कागद काढले. त्यात त्या जागी लिहिलं होतं: जनावरांचा गोठा, पत्र्याचा, एक. आणि फाळाही गोठ्याचाच भरलेला, अनेक वर्षं, अगदी नियमित.

गाव महिनाभर जेवायचं विसरलं. मष्णूच्या हॉटेलात दुसरा विषय नाही.

"मष्णू, परवाच्या लग्नात तू गोठ्यात जेवलास म्हण की."

"व्हय तर. वैरण गरम हुती बघ. वर मठ्ठा."

"अन् नवरीचं मेकप कुठं केलं?"

"गव्हाणीत!"

कुणीतरी लग्नपत्रिका छापून फिरवली: विवाहस्थळ, मारुतीरावांचा गोठा, दाव्यासह येण्याची कृपा करावी. पण खरा मान गुणाबाईचा. ती एका मुहूर्तावर, लग्न लागत असताना, आपली म्हैस घेऊन कार्यालयाच्या दारात उभी राहिली.

"आक्का, कुठं निघालीस?" वॉचमन आडवा झाला.

"गोठ्यात. म्हस बांधायची हाय."

"आवो, आत लगीन चाललंय!"

"मग हिचीबी पंगत हुंदे की. नोंद गोठ्याची हाय का न्हाय? म्हशीला गोठ्यात घेत न्हाईत, हे कुठलं राज्य म्हणायचं?"

म्हशीने वाद संपायची वाट बघितली नाही. ती कारंज्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्याचा व्हिडिओ बेळगावपर्यंत पोचला.

तो व्हिडिओ काढणारा सौरव. मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल चालवतो. त्याला कुणीतरी सांगितलं की ते कार्यालय यल्लाप्पाने बांधलंय. तो माइक घेऊन यल्लाप्पाच्या दारात आला.

"आण्णा, तुम्ही तिथं गोठा बांधला व्हता का?"

यल्लाप्पाला राजकारण कळत नाही, माप कळतं. "सत्तर बाय एकशेवीस," तो म्हणाला. "तीन स्लॅब. खाली संगमरवर. म्हस घसरल की रं त्येच्यावरनं."

झालं. मारुतीरावांची माणसं खवळली. मोठा आला सत्यवादी! त्याचंच घर आधी मोजा, तो किती चोरतोय ते बघू. त्यांनी पुरसभेत रीतसर अर्ज दिला, आणि दोन दिवसांनी बिल कलेक्टर नागेंद्र टेप घेऊन आला. सोबत अर्ज देणारा माणूस आणि फोन उगारलेला सौरव. मागे गल्ली.

नागेंद्र गोकाककडचा. पोरगेलासा, मराठी बोलतो पण कन्नडच्या चालीवर. खालचं मोजून झालं, जिना चढून वर आला आणि सरळ पुढे निघाला.

"साहेब, साहेब! भितीतनं कुठं निघालासा? दारातनं या की."

नागेंद्रने पायाखाली बघितलं. दोन पावलं मागे गेला आणि दारातून आला. अर्जदार त्याच्यामागून आला. त्याने तर दाराबाहेर चपला काढल्या.

"यजमान, नोंदीत वर चारशेवीस फूट माडी आहे. माडी कुठं आहे ओ?"

"तिच्यातच हुबं हायसा की."

नागेंद्रने आभाळाकडे बघितलं, सळयांवरच्या बाटल्या बघितल्या, कागद पुन्हा वाचला. तक्रार आलेली बरीच घरं त्याने आजवर मोजली होती. सांगितल्यापेक्षा घर मोठं निघालं नाही असं एकही नव्हतं. हे पहिलं कमी निघालं. अर्जदाराने हळूच चपला घातल्या आणि तो निघून गेला. जाताना रेघ तुडवून गेला, हे सुलाबाईंना अजून आठवतं.

सौरवचा व्हिडिओ म्हशीच्याही पुढे गेला. एकीकडे तीन मजले गिळणारा पुढारी, दुसरीकडे नसलेल्या माडीचा फाळा भरणारा गवंडी. मराठीवाले म्हणाले, फॉर्म कन्नडमध्ये असल्यामुळे आमच्या माणसाची फसगत झाली. त्यांनी शाल आणली. कन्नडवाले म्हणाले, असा प्रामाणिक करदाता राज्यात नाही. त्यांनीही शाल आणली. दोन्ही शाली एकाच दिवशी आल्या. यल्लाप्पा दोघांनाही सांगत होता, "फारम बरोबर हाय. मीच सांगितलतं तसं लिवायला." पण सत्कारमूर्तीचं कोण ऐकतं?

तेवढ्यात पुरसभेने जाहीर केलं की सोमवारपासून सरसकट सगळ्या गावाचं मोजमाप, आणि जास्तीच्या बांधकामाला दंड. गाव एकदम गप्प झालं. मष्णूच्या हॉटेलात मारुतीरावांचं नाव निघालं की लोक उन्हाबद्दल बोलू लागले. भाडेकरू पाहुणे झाले. मष्णूने गटारीवर वाढवलेला कट्टा स्वतःच्या हाताने फोडला. गुणाबाईने मागची न्हाणी पाडली आणि चार दिवस म्हशीशीही बोलली नाही. मारुतीरावांनी फरकातला काही भाग भरला, उरलेल्यावर तारीख घेतली. त्यांच्या कार्यालयात लग्नं होतच राहिली. मुहूर्त काही कुणासाठी थांबत नाहीत.

अडला तो यल्लाप्पा. मार्चच्या शेवटी नागेंद्र एक कागद घेऊन आला.

"यजमान, चांगली बातमी आहे. चुकीची नोंद काढायची. जास्तीचे भरलेले पैसे पुढं वळते होतात. कितीतरी वर्षं फाळाच नाही बघा. फक्त इथं सही करा."

"म्हंजे माडी काटणार?"

"कागदावरची ओ. कागदावरची."

"कागदावरच तर हाय," यल्लाप्पा म्हणाला.

नागेंद्रने पेन पुढे केलं होतं, ते तसंच राहिलं. कट्ट्यावर मिरच्यांचे देठ काढत बसलेल्या सुलाबाई उठल्या. नवऱ्याच्या आखणीची पंधरा वर्षं टर उडवलेली बाई ही. "ह्यांच्या खोलीला छप्पर न्हाय पण झाडायला मीच," असं गल्लीभर सांगणारी.

"साहेब," त्या म्हणाल्या, "पंधरा दिसांवर जयंती हाय. पोरं यायची येळ, आन् तुमी खोली काढून घेतायसा व्हय?"

नागेंद्र गोकाककडचा असला तरी त्यालाही कुठेतरी आई असणारच. त्याने कागदाची घडी घातली, उलगडली. मग कुणीही विचारलेलं नसताना म्हणाला, "काम चालू असलं तर नोंद काढता येत नाही. पण काम दिसलं पाहिजे. रेघ चालत नाही ओ. वीट पाहिजे. आठ दिवसांनी येतो."

त्याच संध्याकाळी बेंगळूरचा फोन आला. सुलाबाईंनी स्पीकरवर लावला.

"आप्पा, हे काय हो? माझ्या ऑफिसात सगळ्यांनी बघितलं. 'तुझे वडील' म्हणून मला दाखवत होते. नसलेल्या माडीचा टॅक्स भरताय तुम्ही?"

"नसलेली न्हाय. व्हायची हाय."

"मग मला कधी बोलला नाही ते?"

"तुला दाखवलीती की. तुज्या नोकरीच्या वर्साला. तूच खिडकी मोठी पायजे म्हणालतास."

 पलीकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मग भीमरत्नने हळू विचारलं, "कुठल्या बाजूला काढलीय खिडकी?"

"मावळतीला."

"आप्पा, तुम्ही गवंडी असून मावळतीला? दुपारभर ऊन येईल."

"येऊंदे. तितनं निपाणीचा रस्ता दिसतोय."

मग फोन अक्षराच्या हातात गेला असावा. "आजोबा, वरची रूम माझी का?" यल्लाप्पाने उत्तर द्यायच्या जागी विचारलं, "किती वाढलीस गं?" तिने शाळेतल्या मोजणीचा आकडा सांगितला, सेंटिमीटरमध्ये. यल्लाप्पाला तो कळला नाही, पण त्याने दारामागे खडूने लिहून ठेवला.

शेवटी सुलाबाईंनी विचारलं, "जयंतीला येशील न्हवं?"

"बघतो आई."

सुलाबाईंनी फोन ठेवला. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना "उद्या येतो" सांगितलेला माणूस यल्लाप्पा. "बघतो" म्हणजे काय, ते त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सकाळी उठून त्याने थापी शोधली.

विटा घ्यायला पैसे नव्हते, आणि लागलेही नाहीत. मोजमापाच्या भीतीने गावात एवढी पाडापाडी झाली होती की विटांचे ढीग दारोदार पडले होते. यल्लाप्पाने मागितल्यावर लोकांना बरंच वाटलं. पुरावाच घराबाहेर गेला! मष्णूने कट्ट्याच्या विटा हातगाडीवर घालून आणल्या.

"आण्णा, ह्या माज्या कट्ट्याच्या. दहा वर्सं टॅक्स भरला न्हाई ह्येंचा."

"आता भरतील," यल्लाप्पा म्हणाला.

गुणाबाईने न्हाणीच्या दिल्या, साबणाचा वास येणाऱ्या. अशी गावाने लपवलेली जागा घमेल्या-घमेल्याने यल्लाप्पाच्या गच्चीवर चढली. खालून सुलाबाई माल कालवून देत होत्या आणि वर गुणाबाई पोचवत होती. खांदा वर जात नव्हता, म्हणून यल्लाप्पा बसून बांधत होता. गुडघे दुखले की उभा राहत होता, खांदा दुखला की बसत होता. आमच्यापैकी कुणी मदतीला थापी उचलली की बघून म्हणायचा, "ठेव ती. वाकडी भित पाडाय येळ लागतोय."

मावळतीची एक भिंत झाली. मधे खिडकीची जागा सोडलेली. खिडकीचा खालचा कट्टा त्याने जुन्या मापाने धरला होता, लॉजवर उतरलेल्या पाच वर्षांच्या अक्षराला बाहेर दिसेल असा. मग दारामागचा आकडा आठवला. नागेंद्र मोजायला जिना चढून आला तेव्हा यल्लाप्पाने आधी तोच पुढे केला. "साहेब, ह्येचं फूट किती हुत्यात?" नागेंद्रने टेपवर दाखवलं. यल्लाप्पा त्या खुणेकडे बघत राहिला.

"दोन विटांनी वाढली की गं पोरगी," तो खाली बघून सुलाबाईंना म्हणाला. आणि साहेबाला थांबवून, वाढलेली पोरगी वाकून पडू नये म्हणून, त्याने तिथे आणखी दोन थर चढवले.

मग नागेंद्र दारातून आत आला. दाराच्या दोन्ही बाजूंना अजून फक्कीच होती, तरी दारातूनच. एक भिंत, पाच फूट उंच. त्याने मोजली, कागदावर कन्नडमध्ये काहीतरी लिहिलं आणि वाचून दाखवलं: काम चालू. नोंद तशीच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यल्लाप्पा दोन मजल्यांचा फाळा भरून आला, पाच टक्के सूट धरून.

तेरा तारखेला दुपारी आम्ही निळ्या पताका लावायला त्याच्या गच्चीवर गेलो. उरलेल्या तीन बाजूंना ताजी फक्की मारलेली होती. खिडकीला सुलाबाईंनी दोरीवर दोन्ही शालींचे पडदे लावले होते, डावीकडे मराठीवाल्यांचा, उजवीकडे कन्नडवाल्यांचा. खोलीत गाद्या उन्हात टाकलेल्या होत्या. यल्लाप्पा भिंतीच्या आत, खिडकीशी बसला होता. लांबून निपाणीची एस.टी. आली. दिसली, वळली, स्टँडकडे गेली. पुढचा अर्धा तास स्टँडकडून चालत कुणीच आलं नाही.

"अवो, उनाचं काय बसलायसा," सुलाबाई चहा घेऊन आल्या. "आता कोण एस.टी.नं येतंय? आलं तर गाडीनं येतील."

यल्लाप्पाने कप घेतला. मराठी पडदा थोडा बाजूला सारला.

"गाडीबी ह्याच रस्त्यानं येती," तो म्हणाला.